मोठ्यांचं कार्टून, मुलांची दुपार : कात्री लावली की कार्यक्रम मुलांचा होतो का?



आजचा विषय थोडा वेगळा आहे. तो कुठल्या पाठात नाही, पण आपल्या प्रत्येक वर्गात रोज हजर असतो. आधी एक प्रसंग सांगतो.

माझ्या वर्गात, म्हणजे इयत्ता तिसरीत, घडलेली गोष्ट. शाळेत नवीन मॅडम रुजू झाल्या होत्या. परिपाठ झाला, मॅडम वर्गात ओळख करून घ्यायला आल्या. एवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठला, भुवया उडवल्या, आवाज जाडा केला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला शिमला मिरची आवडते का?" मॅडम नव्या, त्यांना काही कळलं नाही. त्या सरळपणे म्हणाल्या, "हो, आवडते." झालं! सगळा वर्ग खो-खो हसायला लागला.

आता आपला नंदुरबार जिल्हा म्हणजे मिरचीचं आगर. मिरचीच्या हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्या लालभडक दिसतात. इथं कुणी मिरचीबद्दल विचारलं तर त्यात नवल काय? पण त्या प्रश्नाचा सूर मिरचीचा नव्हता. मला राग आला. मी त्याला उभं केलं, चांगलं खडसावलं आणि मधल्या सुटीत वर्गातच बसवून ठेवलं.

सुटीत त्याला जवळ बोलावून विचारलं, "असं का विचारलं रे?" तो म्हणाला, "सर, कार्टूनमधला पोरगा असंच विचारतो. मग सगळे हसतात." "पण म्हणजे काय, ते माहीत आहे का?" त्याने मान हलवली. त्याला खरंच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात गृहभेटीला गेलो. त्याची आई म्हणाली, "कार्टून तं देखस सर, त्यामा काय वाईट शे?" आई-वडील दोघंही पथारीवर कामाला जातात. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी मुलगा घरी एकटा. टीव्ही लावून दिला की तो रस्त्यावर जात नाही, उन्हात भटकत नाही. आईचं काय चुकलं? चॅनल लहान मुलांचं, कार्टून दिवसाढवळ्या लागलेलं, त्यात शिवी नाही की घाण दृश्य नाही. मग तिला शंका यावी तरी कशी?

घरी परत येताना हाच प्रश्न डोक्यात होता. मग माहिती गोळा करायला लागलो. त्यातलं जे कळलं ते तुमच्यासमोर मांडतो.

१) कार्टून म्हणजे मुलांचंच, हा समज

आपण चित्र दिसलं की "हे लहान मुलांचं" असं समजतो. पण आपल्याच भाषेत बघा. दिवाळी अंकातली व्यंगचित्रं कोणासाठी असतात? आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' कोणासाठी होता? १९६० मध्ये सुरू झालेलं 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक काय बालवाडीसाठी होतं? नाही. ती सगळी चित्रं मोठ्यांसाठी होती, आणि तसं समजूनच आपण ती वाचली.

हलत्या चित्रांचंही तेच आहे. 'टॉम अँड जेरी'चे छोटे चित्रपट १९४० पासून सिनेमागृहात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवले जायचे. समोर मोठी माणसंही बसलेली असायची. म्हणून त्यात धूम्रपान होतं, मोठ्यांच्या गमती होत्या. पुढे हीच कार्टून्स मुलांच्या चॅनलवर आली. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रेक्षकाने धूम्रपानाच्या दृश्यांबद्दल तक्रार केली. त्यानंतर चॅनल चालवणाऱ्या कंपनीने धूम्रपान आकर्षक वाटेल अशी दृश्यं कापायचं मान्य केलं. म्हणजे मोठ्यांसाठी बनलेलं चित्र कापून मुलांना देण्याची पद्धत आजची नाही आणि फक्त आपल्याकडची तर नाहीच नाही.

२) शिनचानची गोष्ट

शिमला मिरचीचा प्रश्न कोणाचा, हे तुमच्या वर्गातली मुलं लगेच सांगतील. शिनचानचा! हा पाच वर्षांचा जपानी मुलगा. सुंदर बाई दिसली की तो तिला शिमला मिरचीबद्दल विचारतो. मोठ्या माणसाला त्यातली गंमत लगेच कळते. एवढंसं पोर मोठ्या पुरुषासारखी लाडीगोडी लावायला जातं, पण त्याला सुचतं काय, तर ताटातली नावडती भाजी!

हे पात्र तयार केलं योशितो उसुई या जपानी चित्रकाराने. १९९० मध्ये त्यांची चित्रकथा एका साप्ताहिकात सुरू झाली. आता महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्या. ते साप्ताहिक मुलांचं नव्हतं, प्रौढ पुरुष वाचकांचं होतं. घराचं कर्ज, ऑफिसात थकलेले बाबा, सेल लागला की धावणारी आई, नवरा-बायकोची धुसफूस हे सगळं त्या वाचकाने स्वतःच्या घरात बघितलेलं. त्या मध्यमवर्गीय संसाराची फजिती दाखवायला लेखकाने मध्ये एक अतरंगी पोरगा आणून ठेवला.

१९९२ मध्ये जपानी टीव्हीवर त्याची मालिका सुरू झाली. तीही संध्याकाळी, कुटुंब घरी असतं त्या वेळी. तरीसुद्धा जपानमधल्या पालक-शिक्षक संघांच्या पाहणीत "मुलांनी बघू नये असे कार्यक्रम" या यादीत शिनचानचं नाव अनेक वर्षं वर राहिलं. म्हणजे आपलीच मुलं बिघडली, असं काही नाही!

भारतात ही मालिका जून २००६ मध्ये हंगामा टीव्हीवर आली, हिंदी आवाजात आणि मुलांच्या चॅनलवर. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत हीच मालिका मोठ्यांसाठी राखीव असलेल्या रात्रीच्या वेळेत दाखवायला सुरुवात झाली, तीही जास्त धीट संवाद घालून. मूळ चित्रं तीच. एका देशाने ती रात्री मोठ्यांना दिली, दुसऱ्याने दिवसा मुलांना.

आपल्याकडे पालकांच्या तक्रारी वाढल्या. मुलं उलट बोलतात, अंगविक्षेप करतात, चड्डी खाली करून नाचतात अशा त्या तक्रारी होत्या. २००८ च्या अखेरीस माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कारवाईमुळे मालिका बंद झाली. २००९ मध्ये ती बरीच काटछाट करून पुन्हा सुरू झाली आणि अजूनही लोकप्रिय आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डोंगरावर फिरायला गेलेल्या उसुई यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांचा शिनचान मात्र पाच वर्षांचाच राहिला.

३) कात्री काय कापते आणि काय उरतं?

हा लेखाचा मुख्य भाग आहे. कोणत्याही कार्यक्रमात तीन गोष्टी असतात असं समजू.

* दृश्य : डोळ्यांना काय दिसतं. उघडं अंग, दारूची बाटली, मारहाण.
* शब्द : कानांना काय ऐकू येतं. शिवी, द्वयर्थी वाक्य.
* रोख : गोष्ट कोणासाठी आहे, आपण कोणाच्या बाजूने हसतो, कोणाला हसतो.

दृश्य कापता येतं. शब्द बदलता येतो, कारण आवाज दुसऱ्या भाषेत नव्याने भरायचाच असतो. पण रोख? तो एका दृश्यात नसतो, सगळ्या गोष्टीत मुरलेला असतो, भाजीतल्या मिठासारखा. मीठ काढून घ्यायला कात्री चालत नाही.

आता शिमला मिरचीकडे बघा. कापायला बसलेल्या माणसाने तो संवाद ऐकला तर त्यात काय सापडणार? शिवी नाही, अश्लील शब्द नाही. एका भाजीचं नाव आहे! म्हणून तो तसाच राहतो. पण अनोळखी बाईशी लाडीगोडीने बोलायचं, मग सगळ्यांनी हसायचं, हा त्यामागचा रोखही तसाच राहतो. माझ्या विद्यार्थ्याने शब्द उचलले, सूर उचलला, भुवयासुद्धा उचलल्या. अर्थ तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

दुसरं उदाहरण घेऊ. समजा, एका कार्टूनमध्ये बाबा कामावरून येऊन बिअर पितात. संवादात बिअरचं सरबत केलं. पण चित्रात बाबांचा चेहरा लाल होतो, ते अडखळतात, आई चिडते. ज्या मुलाने घरात किंवा शेजारी हे रोज बघितलंय, त्याला ते सरबत आहे असं सांगून पटेल का? आणि ज्याने बघितलं नाही, त्याच्या मनात सरबत पिणाऱ्याचं भलतंच चित्र तयार होईल. शब्द बदलला, गोष्ट तीच राहिली.

तिसरं उदाहरण अजून विचार करायला लावणारं आहे. समजा, मुलाने खोडी केली आणि आईने त्याच्या डोक्यात टपली मारली. मारहाण नको म्हणून टपली कापली. आता उरलं काय? खोडी आणि हसू. म्हणजे कात्रीने खोडी ठेवली आणि खोडीचा परिणाम कापला.

४) मूल काय उचलतं?

डी.एड.ला आपण सगळ्यांनी अल्बर्ट बांडुरा वाचलाय. परीक्षेपुरता वाचला असेल, पण इथं त्याची खरी गरज पडते. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या ७२ मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाने बोबो नावाच्या बाहुल्याला बदडलेलं ज्या मुलांनी बघितलं, त्यांनी नंतर तसंच केलं. १९६३ मध्ये पुढचा प्रयोग झाला. त्यात काही मुलांनी प्रत्यक्ष माणूस बघितला, काहींनी चित्रफीत बघितली आणि काहींनी टीव्हीच्या पडद्यावर मांजराच्या वेशातलं कार्टूनसारखं पात्र बघितलं. तिन्ही गटांतल्या मुलांनी नक्कल केली. "कार्टूनच तर आहे" या वाक्याला साठ वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय.

१९६५ चा प्रयोग आपल्या टपलीच्या उदाहरणाशी जुळतो. मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली. पण "जसं केलं तसं करून दाखव, बक्षीस देतो" म्हटल्यावर त्यांनीही करून दाखवलं. याचा अर्थ, शिकली सगळीच होती, करायचं की नाही ते मात्र परिणाम बघून ठरवलं होतं. आपल्या वर्गात बक्षीस कोणतं? सगळ्या वर्गाचं हसू!

पियाजेही आठवा. सात वर्षांपर्यंतचं मूल दिसतं त्यावर विश्वास ठेवतं. सात ते अकराचं मूल विचार करायला लागतं, पण तो प्रत्यक्ष वस्तू आणि घटनांना धरून. उपरोध, म्हणजे एक म्हणायचं आणि दुसरंच सुचवायचं, हे त्याला सावकाश कळायला लागतं. मोठा माणूस शिनचान बघून म्हणतो, "काय वैताग आहे या पोराचा!" लहान मूल बघून म्हणतं, "किती भारी आहे हा!" एकच चित्र, पण मोठ्यासाठी ते संसाराचं विडंबन आणि लहानासाठी खोड्यांचं पुस्तक.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. आपली मुलं घरी भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजर बोलतात. शाळेत मराठी भेटते. आणि हिंदी? ती बऱ्याच जणांना कार्टूनच शिकवतं. हा फायदा मी नाकारत नाही. पहिलीत मराठीत दोन वाक्यं बोलायला लाजणारं मूल हिंदीत धडाधड संवाद म्हणतं, हे मी बघितलंय. पण भाषा शिकवणारा नकळत वागायलाही शिकवतो. ज्या मुलाची हिंदी शिनचानकडून आली, त्याला "हिंदीत मोठ्यांशी असंच बोलतात" असं वाटलं तर दोष कोणाला द्यायचा?

५) कायदा काय म्हणतो?

बऱ्याच जणांना वाटतं की टीव्हीवर येणारं सगळं सेन्सॉर बोर्डाने बघितलेलं असतं. तसं नाही. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ चित्रपटांना प्रमाणपत्र देतं. कार्टून मालिकेला असं प्रमाणपत्र लागत नाही. काय कापायचं आणि कधी दाखवायचं हे आधी चॅनलच ठरवतं.

चित्रपटांच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलाच एक महत्त्वाचा निकाल आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी टीव्हीवर दिसणाऱ्या प्रौढांच्या चित्रपटांविरुद्ध जनहित याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या डिसेंबरमध्ये आदेश दिला की टीव्हीवर 'यू' किंवा 'यूए' प्रमाणपत्राचेच चित्रपट दाखवावेत. एका शिक्षिकेने हे करून दाखवलं, याचा मला आपल्या पेशाबद्दल अभिमान वाटतो. पुढे 'ए' चित्रपट कापून टीव्हीसाठी नवं प्रमाणपत्र घेण्याची वाट रूढ झाली. २०२३ च्या कायद्यातील दुरुस्तीने अशा वेगळ्या प्रमाणपत्राची सोय केली आणि 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे वयाप्रमाणे भाग केले.

मालिकांसाठी केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधला नियम ६ आहे. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुलांसाठीच्या कार्यक्रमात वाईट भाषा आणि उघड हिंसा असू नये. आणि मुलांसाठी योग्य नसलेले कार्यक्रम जास्तीत जास्त मुलं टीव्ही बघतात त्या वेळी दाखवू नयेत. चॅनलवाल्यांच्या स्वतःच्या संहितेतही दोन गट आहेत. एक सर्वांसाठीचा, कधीही चालणारा. दुसरा मर्यादित, रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतला.

आता यातली फट बघा. कार्यक्रम कापला की तो दुसऱ्या गटातून पहिल्या गटात येतो. मग तो दुपारी दोनलाही चालतो. आणि आईला वाटतं, दुपारी लागतोय म्हणजे मुलांचाच असणार.

६) "दिवसा" म्हणजे घरात कोण असताना?

वेळ पाळण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. यात्रेत तमाशाचा तंबू रात्रीच रंगायचा. लहान मुलं तोवर आजीच्या कुशीत झोपलेली असायची. वेळेचा नियम चालायचा, कारण मुलाला झोपवणारं कुणीतरी घरात होतं.

आज आपल्या भागात दुपारी घरात कोण असतं? आई-वडील शेतावर, पथारीवर, नाहीतर ऊसतोडीला गुजरातेत. घरी आजी असली तरी तिला हिंदी येत नाही, ती खाटेवर डोळा लावून पडलेली. म्हणजे कायद्याने सुरक्षित ठरवलेली दुपार ही आपल्या मुलांची सगळ्यात एकटी वेळ आहे. त्यात आता मोबाइल आला. मोठ्या भावाच्या मोबाइलवर तीच कार्टून्स न कापलेलीसुद्धा सापडतात, आणि मोबाइलला दुपार-रात्र काही नसते.

म्हणून मला वाटतं, नुसती बंदी पुरत नाही आणि नुसती कात्रीही पुरत नाही. कात्री जे कापू शकत नाही, ते बोलूनच दूर करावं लागतं.

७) आपण काय करू शकतो?

* आधी स्वतः बघा. वर्गातली मुलं जे बघतात त्याचे दोन भाग आपण बघावेत. न बघता रागावलं तर मुलांना आपण परके वाटतो.
* तीन प्रश्न विचारा. "कोण हसलं? कोणाला वाईट वाटलं असेल? खरंच असं केलं तर पुढे काय होईल?" हे प्रश्न थेट त्या तिसऱ्या गोष्टीला, रोखाला, हात घालतात. परिपाठात पाच मिनिटं पुरतात.
* भाषेच्या तासाला वापरा. "शिनचान आपल्या गावात आला तर?" या विषयावर मुलांना बोलू द्या. मुलं स्वतःच सांगतात, इथं आजीशी असं बोललं तर काय होईल ते!
* पालकसभेत सांगा. टीव्ही बंद करा असं सांगू नका, ते शक्य नाही. "रात्री जेवताना मुलाला विचारा, आज कार्टूनमध्ये काय झालं?" एवढंच सांगा. कामावरून थकून आलेल्या आईलाही एवढं जमतं.
* गरज पडली तर तक्रार करा. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार आधी चॅनलकडे करायची. त्यांनी १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. समाधान झालं नाही तर चॅनलांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि शेवटी केंद्र सरकारच्या समितीकडे जाता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय देखरेख समितीचीही तरतूद आहे. तक्रारीत चॅनलचं नाव, कार्यक्रम, तारीख आणि वेळ जरूर लिहा.

शेवटी...

तो प्रसंग अर्धाच सांगितला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे तीन प्रश्न विचारले. "कोणाला वाईट वाटलं असेल?" यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडमला. त्यांना कळलंच नाही आपण का हसतोय." सगळा वर्ग गप्प झाला. तो मुलगा उठला आणि काही न बोलता मॅडमच्या वर्गाकडे गेला. तिथं काय बोलला ते मी विचारलं नाही. नंतर मी त्याला म्हटलं, "काल मीही चुकलो. तुला न विचारता शिक्षा केली." तो लाजून हसला.

जी गोष्ट तीस मिनिटांच्या रागाने झाली नाही, ती एका प्रश्नाने झाली.

तुमच्या वर्गात मुलं कोणत्या कार्टूनची नक्कल करतात? एकदा ते कार्टून बघा, मुलांना हे तीन प्रश्न विचारा आणि काय उत्तरं येतात ती वहीत लिहून ठेवा. पुढच्या पालकसभेत तीच वाचून दाखवता येतील.